एका वाढीव पॉइंटची किंमत

घरात नवे उपकरण येते तेव्हा त्याच्याबरोबर हमीपत्र येते, माहितीपुस्तिका येते आणि शेजाऱ्यांचे कुतूहलही येते. येत नाही ती फक्त त्या उपकरणाला लागणारी विजेची वाट. ती घरात आधीपासूनच आहे, असे सर्वांनी गृहीत धरलेले असते. नसल्याचे ध्यानात येते ते उपकरण खोक्यातून बाहेर निघाल्यावर. मग वायरमनला निरोप जातो की, एक पॉइंट वाढवून द्या. हे वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते की, जणू काही भिंतीवर आणखी एक खुंटी ठोकायची आहे. वायरमन येतो, न्हाणीघरातील गीझरचा पॉइंट भिंतीच्या पलीकडेच आहे हे हेरतो, तेथून दोन तारा पुढे ओढतो आणि ड्राय बाल्कनीत नवे सॉकेट बसवून अर्ध्या तासात मोकळा होतो. कपडे धुण्याचे यंत्र सुरू होते. वायरमनला चहा मिळतो, गृहस्थाला समाधान मिळते आणि कोणाचे काही बिघडले असे दिसत नाही. बिघडलेला असतो तो भिंतीआडचा एक हिशेब, आणि तो कोणी मांडूनच पाहिलेला नसतो.

हा हिशेब मुळात अवघड नाही. गीझर, वातानुकूलन यंत्र यांसारख्या मोठ्या भुकेच्या उपकरणाला वितरण पेटीपासून स्वतंत्र वायर द्यावयाची, त्या वायरला स्वतंत्र एमसीबी द्यावयाचा आणि दुसऱ्या टोकाला एकच सॉकेट ठेवावयाचे, अशी ही व्यवस्था असते. उपकरणाची भूक, वायरची जाडी आणि एमसीबीची मर्यादा या तीन गोष्टींचा मेळ घालून ती केलेली असते. या तिहींपैकी एक बदलली की उरलेल्या दोहोंचा पुन्हा विचार करावाच लागतो. घरगुती वायरिंगसंबंधी भारतीय मानकांतून जो दंडक रूढ झाला, तो याच विचारावर उभा आहे. दिवे, पंखे आणि लहान सॉकेटे यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा अधिक पॉइंट नसावेत व त्याचा भार 800 वॅटच्या आत असावा; पॉवरच्या सर्किटवर दोनपेक्षा अधिक सॉकेटे नसावीत व भार 3000 वॅटच्या पुढे जाऊ नये, असे तो सांगतो. म्हणजे दुसरे सॉकेट बसविणे हा काही स्वयमेव अपराध नव्हे. परंतु दोन्ही सॉकेटांवरच्या उपकरणांची बेरीज त्या वायरला झेपते काय, हा प्रश्न विचारल्यावाचून ते बसविणे हा मात्र निष्काळजीपणा आहे. आणि जेथे एकाच उपकरणासाठी वाट राखून ठेवली आहे, तेथे तो अधिकच गंभीर होय.

आकडे घेऊन पाहिले तर गोष्ट स्पष्ट होते. 2000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपिअर प्रवाह ओढतो. पाणी स्वतः तापवून कपडे धुणारे यंत्र पाणी तापविताना जवळपास तेवढाच प्रवाह घेते. दोहोंची बेरीज 17.4 अँपिअर झाली. पेटीतील एमसीबी 16 अँपिअरचा आहे. तेव्हा तो पडेल, असे गृहस्थ समजतो. येथेच पहिला भ्रम आहे. एमसीबीवर लिहिलेला आकडा म्हणजे प्रवाहाने ओलांडताच कडी लागणारा उंबरठा नव्हे. घरगुती एमसीबीच्या मानकानुसार नेमक्या आकड्याच्या 1.13 पट प्रवाह तासभर वाहिला तरी त्याने पडता कामा नये, आणि 1.45 पट प्रवाह झाला तर त्याने तासाच्या आत पडले पाहिजे. 16 अँपिअरच्या एमसीबीच्या बाबतीत या मर्यादा साधारण 18 आणि 23 अँपिअरवर येतात. म्हणजे 17.4 अँपिअरला तो ढिम्म राहील, आणि तसे राहणे हाच त्याचा धर्म आहे. त्यातच थंडीच्या दिवसांत सकाळी सातला, कचेरीची घाई असताना, त्याच वाढीव सॉकेटात मल्टिप्लग खोचून कोणी 1000 वॅटची इस्त्री लावली, तर एकूण प्रवाह पावणेबावीस अँपिअरच्या घरात जातो. तरीही तासाभरात पडलेच पाहिजे, असे बंधन त्या एमसीबीवर येत नाही. भिंतीतील नळीमधून गेलेली अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर सामान्यतः वीस अँपिअरच्या आसपास प्रवाह वाहण्यास योग्य मानली जाते. तेव्हा पहारेकरी जागा आहे, त्याच्या नियमाप्रमाणे सारे ठीक आहे, आणि वायर मात्र आपल्या सोसण्याच्या सीमेपलीकडे तापत आहे, अशी ही अवस्था आहे.

तापण्याचा नियमही सरळ बेरजेचा नाही. प्रवाहाने तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जेम्स ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने 1841 मध्येच दाखवून दिले होते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. वरच्या उदाहरणात एकट्या गीझरऐवजी तिन्ही उपकरणे चालू झाली, तेव्हा प्रवाह अडीच पट झाला. पण वायरमधील उष्णता सव्वासहा पट झाली. सर्वसाधारण पीव्हीसी वेष्टनाची वायर 70 अंश सेल्सिअसपर्यंत तापण्यास योग्य समजली जाते. त्यापलीकडे ते वेष्टन एकदम पेटत नाही. ते हळूहळू कडक होते, ठिसूळ होते आणि एके दिवशी त्यास तडा जातो. हा क्षय वर्षानुवर्षे चालतो. म्हणूनच 'आमच्याकडे दहा वर्षे असेच चालू आहे, काही झाले नाही,' हे वाक्य दिलासा देणारे नसून चिंता वाढविणारे आहे. दहा वर्षे काही झाले नाही याचा अर्थ दहा वर्षे काही दिसले नाही, इतकाच.

यापेक्षाही फसवा धोका जोडाचा आहे. पहिल्या सॉकेटच्या स्क्रूखालून तार पुढे नेऊन दुसरे सॉकेट चालविले की दुसऱ्याचा सारा प्रवाह पहिल्याच्या स्क्रूतून जातो. तो स्क्रू मुळात एका वायरसाठी आवळलेला असतो. त्याच्याखाली दोन वायरी कोंबल्या की एक घट्ट बसते आणि दुसरी सैल राहते. सैल जोड तापतो, तापल्याने प्रसरण पावतो, थंड झाल्यावर आकुंचतो आणि प्रत्येक फेऱ्यात अधिक सैल होतो. जुन्या इमारतींत, जेथे अॅल्युमिनियमच्या तारांचे वायरिंग अद्याप शाबूत आहे, तेथे हे आणखी लवकर घडते. कारण तो धातू दाबाखाली सरकतो आणि त्याच्या पृष्ठभागावर विजेला अडविणारा थर धरतो. आणि या साऱ्याचा एमसीबीला पत्ताही लागत नाही. तो प्रवाह मोजतो. सांध्याची उष्णता मोजत नाही. सॉकेट पिवळे पडणे, प्लग काढताना हाताला चटका बसणे, जळक्या प्लॅस्टिकचा वास येणे या खुणा त्याच्यासाठी नसून घरातील माणसांसाठी आहेत.

एमसीबी पडलाच, तर पुढे काय होते? एकंदर गृहस्थी व्यवहार पाहता असे दिसते की, एमसीबी पडणे ही सूचना न मानता तो एमसीबीचाच दोष मानला जातो. 'हा सारखा पडतो, जरा मोठा टाका,' अशी फर्माईश होते आणि 16 च्या जागी 32 अँपिअरचा एमसीबी येतो. वायर तीच राहते. ज्या पिढीने पोर्सेलिनचे किटकॅट फ्यूज पाहिले, त्या पिढीतही हीच युक्ती होती. फ्यूजची बारीक तार वरचेवर वितळते म्हणून तिच्या जागी जाड तांब्याच्या तारेचा तुकडा पिळून बसविला जाई आणि मग तो फ्यूज कधीच उडत नसे. उडणार कसा? त्याच्याआधी भिंतीतील वायर वितळण्याची सोय झालेली असे. यंत्रे बदलली, खटका आला, पेटीला झाकण आले. परंतु पहारेकऱ्याने ओरडू नये म्हणून त्याच्याच तोंडात बोळा कोंबण्याची रीत काही बदलली नाही. याला आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात.

आता यावर असा युक्तिवाद होऊ शकेल की, प्रत्येक वाढीव पॉइंट काही इस्त्रीसाठी नसतो. फ्रिजच्या स्वतंत्र लाइनवरून मोबाइलच्या चार्जरसाठी एखादे सॉकेट काढले, तर असा कोणता डोंगर कोसळणार आहे? भाराच्या दृष्टीने हा युक्तिवाद खरा आहे आणि तो तसा मान्य केला पाहिजे. चार्जरचा भार नगण्य असतो. परंतु स्वतंत्र सर्किट केवळ भारासाठी दिलेले नसते. ते स्वातंत्र्यासाठीही दिलेले असते. दुसऱ्याच्या दोषाने या उपकरणाची वीज जाऊ नये, हा त्याचा अर्धा हेतू आहे. कुटुंब चार दिवस गावी गेले, मागे त्या चार्जरमध्ये बिघाड होऊन एमसीबी पडला, तर फ्रिजही बंद पडतो. दूध नासले तर नुकसान थोडक्यात निभावते. पण त्याच फ्रिजमध्ये घरातील मधुमेही वडीलधाऱ्यांचे इन्सुलिन 2 ते 8 अंशांत राखून ठेवलेले असते. परतल्यावर कोणीतरी खटका वर करतो, फ्रिज पुन्हा गार होतो आणि मधल्या दिवसांत काय झाले याची कोणाला शंकाही येत नाही. निरुपद्रवी दिसणाऱ्या सॉकेटाची किंमत अशी भलत्याच खात्यावर पडते.

चार्जरचा प्रश्न आणखी एका अंगाने पाहावा लागतो. अशा लहान पॉइंटसाठी वायरमन बहुधा बारीक वायर वापरतो, कारण लहान कामाला जाड वायर कशाला, असा व्यवहारी विचार तो करतो. ती बारीक वायर मात्र आता 16 किंवा 20 अँपिअरच्या एमसीबीच्या भरवशावर असते, आणि तो एमसीबी जाड वायरचा राखणदार म्हणून नेमलेला आहे. पुढे केव्हातरी त्याच 6 अँपिअरच्या सॉकेटात बाजारात मिळणारा कन्व्हर्जन प्लग लावून हीटर जोडला जातो. जाड पिनांचा 16 अँपिअरचा प्लग बारीक भोकांत जात नाही, ही काही कारखानदाराने केलेली गैरसोय नव्हे. ज्यांना वॅट आणि अँपिअर वाचता येत नाहीत त्यांनाही समजावी म्हणून मानकाने दिलेली ती मूक सूचना आहे. पन्नास-शंभर रुपयांचा एक तुकडा ती सूचना पुसून टाकतो.

परदेशांत एकाच लाइनवर हवी तितकी सॉकेटे असतात, मग येथेच एवढा बाऊ कशाला, असेही कोणी विचारील. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर अशी पद्धत आली हे खरे. तांब्याची टंचाई होती आणि लाखो घरे नव्याने बांधावयाची होती. म्हणून पेटीतून निघून, खोल्यांतून फिरून, पुन्हा पेटीतच परत येणारे वलयाकार सर्किट तेथे स्वीकारण्यात आले. पण त्याच्याबरोबर 1947 मध्ये नवा चौकोनी पिनांचा प्लगही आला आणि त्या प्रत्येक प्लगच्या पोटात एक फ्यूज बसविण्यात आला. तेथे प्रत्येक उपकरण आपला पहारेकरी आपल्याबरोबर घेऊन येते. भारतातला गोल पिनांचा प्लग त्याआधीच्या ब्रिटिश घडणीचा असून त्यात सामान्यतः फ्यूज नसतो. येथे राखणदार काय तो पेटीतच बसलेला असतो. एका पद्धतीतील सवलत उचलावयाची आणि तिच्याबरोबरची शिस्त सोडून द्यावयाची, हा शहाणपणा नव्हे.

तथापि सारा दोष गृहस्थाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. 1970 व 1980 च्या दशकांत बांधलेल्या घरांत वायरिंग झाले ते दिवे, पंखे, रेडिओ आणि फार तर एखादा फ्रिज व दूरचित्रवाणी संच यांचा विचार करून. आज त्याच दोन खोल्यांत गीझर आहे, इंडक्शनची शेगडी आहे, मायक्रोवेव्ह आहे, पाणी शुद्ध करणारे यंत्र आहे आणि कडक उन्हाळ्यात रात्रभर चालणारे वातानुकूलन यंत्रही आहे. गरजा वाढल्या हा काही गुन्हा नाही. उलट कपडे धुण्याच्या यंत्राने घरातील स्त्रीच्या पाठीवरचे एक ओझे उतरविले असेल, तर त्या यंत्राला सन्मानाने वीज मिळाली पाहिजे. आश्चर्य वाटते ते नव्या इमारतींचे. तेथे दारातील संगमरवराची आणि न्हाणीघरातील नळांची वर्णने जाहिरातीत ओळी भरून येतात. पण स्वयंपाकघरात पॉवरची स्वतंत्र सर्किटे किती, पेटीत पुढच्या गरजेसाठी रिकाम्या जागा किती, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. ग्राहकही तो विचारीत नाही. जे कोणी विचारीत नाही ते कोणी देत नाही.

कायदा याबाबत गप्प नाही. 1956 च्या भारतीय वीज नियमांनी एक सूक्ष्म पण फार महत्त्वाची रेघ ओढली होती. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांची अशी अदलाबदल, की जिने मांडणीची क्षमता किंवा तिचे स्वरूप बदलत नाही, ती कोणीही करावी. त्यापलीकडची प्रत्येक वाढ, फेरफार वा दुरुस्ती परवानाधारक कंत्राटदाराकडून आणि सक्षम व्यक्तीच्या देखरेखीखालीच व्हावी. 2003 च्या वीज कायद्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने नवे सुरक्षा विनियम केले, त्यांनीही हे तत्त्व सोडलेले नाही. प्रश्न उरतो तो वाढीव सॉकेट रेघेच्या कोणत्या बाजूला पडते, याचा. समाजाने ते खुंटीच्या बाजूला टाकले आहे. नियमाच्या दृष्टीने ते क्षमतेच्या बाजूला पडते. मीटरपासून पुढच्या मांडणीची जबाबदारी ग्राहकाची असते, हेही पुष्कळांस ठाऊक नसते. महाराष्ट्रात 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्यानुसार इमारतींतील अग्निसुरक्षा व्यवस्था सुस्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी द्यावे लागते. त्यामुळे जिन्यातील नळ आणि गच्चीवरील पंप निदान कागदोपत्री तरी तपासले जातात. पण बंद दाराआड कोणी कोणत्या लाइनवरून काय ओढले आहे, ते तपासण्यास कोणी येत नाही. आणि कोणी सरकारी माणसाने घरोघर शिरून ते तपासावे, अशी अपेक्षाही कोणी करणार नाही.

मग करावयाचे काय? पहिली गोष्ट अशी की, मोठ्या भाराच्या उपकरणासाठी पेटीपासून नवी वायर आणि नवा एमसीबी हाच सरळ मार्ग आहे. भिंत फोडणे नको असेल तर पट्टीतून उघड्यावर वायरिंग करता येते. ते डोळ्यांना तितकेसे रुचत नाही. पण भिंतीवरील पट्टी आणि भिंतीतील निखारा यांतून निवड करावयाची असेल तर सौंदर्यदृष्टीने थोडे नमते घ्यावे. एकूण भार वाढत असल्यास वीज कंपनीकडून मंजूर भारही वाढवून घेतला पाहिजे. पेटीत विद्युतगळती ओळखून वीज तोडणारे यंत्र आहे की नाही, हेही याच वेळी पाहून घ्यावे. ओल्या जागेतील यंत्राजवळ त्याची निकड सर्वाधिक असते. दुसरी गोष्ट, नवी लाइन ताबडतोब शक्य नसेल तर गीझर आणि यंत्र एकाच वेळी चालणार नाहीत, असा घरापुरता नियम करून तो पाळावा. हा तात्पुरता उपाय आहे. कारण नियम माणसांच्या स्मरणावर चालतो, आणि पाहुणे, भाडेकरू व मुले यांना तो ठाऊक नसतो. तिसरी गोष्ट वायरमनविषयी. त्याला पॉइंटामागे पैसे देण्याची रीत आहे. म्हणून तो पॉइंट मोजतो, भार मोजत नाही. पेटी उघडून, स्क्रू आवळून, कोणती लाइन कोठे जाते ते शोधून 'येथून पॉइंट काढणे योग्य नाही' असे सांगणाऱ्या कारागिराला त्या नकाराचेही पैसे मिळाले पाहिजेत. वैद्याने औषध दिले नाही तरी तपासणीची फी घेतली जाते. वायरमनच्या तपासणीला मात्र अद्याप मोल नाही.

चौथी गोष्ट सर्वांत स्वस्त आणि तरीही सर्वांत दुर्मिळ आहे. प्रत्येक घराच्या वितरण पेटीच्या दारावर एक कागद असावा. कोणता एमसीबी किती अँपिअरचा, त्याच्यापुढची वायर किती जाडीची, ती कोठे जाते आणि तिच्यावर कोणती सॉकेटे आहेत, एवढेच त्यावर लिहिलेले असावे. 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने आवश्यक दस्तऐवज आणि नकाशे गृहनिर्माण संस्थेच्या हाती सोपविण्याचे बंधन विकासकावर घातले आहे. त्यांत वायरिंगचा नकाशा मागून घेण्याचा आग्रह संस्थांनी धरला, तर पुढच्या पिढीतील वायरमनला अंदाजावर काम करावे लागणार नाही. जुन्या इमारतींतील संस्थांनी आपल्या वार्षिक सभेत रंगकामाच्या रंगावर जितका वेळ वाद होतो त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा वेळ या विषयास दिला, तरी हे काम एका वर्षात पुरे होऊ शकेल.

भिंतींना कान असतात असे म्हणतात. पण त्यांना तोंड नसते. त्यांच्या पोटात किती वायरी तापत आहेत, कोणता जोड सैल झाला आहे, कोणी कोठून काय ओढले आहे, हे त्या सांगू शकत नाहीत. ज्याने हिशेब मांडला होता तो कंत्राटदार निघून गेलेला असतो, ज्याने मोडला तो वायरमन विसरलेला असतो, आणि राहणारी माणसे त्याच भिंतीला टेकून रात्री निर्धास्त झोपतात. तेव्हा 'एक पॉइंट वाढवून द्या' असे म्हणण्यापूर्वी गृहस्थाने 'ही लाइन कोणासाठी आहे?' एवढा एकच प्रश्न विचारावा. उत्तर देता न येणाऱ्याच्या हाती पेटीची किल्ली देऊ नये.